कालव्याचा टोल एकाकडे, शिंपल्यांचं बिल दुसऱ्याकडे

प्रश्न थोडक्यात असा: जहाजांसाठी किंवा पाण्यासाठी खोदलेल्या कालव्यांमधून परके मासे, शिंपले, वनस्पती एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. त्याचा आर्थिक फटका नेमका किती, तो मोजतात कसा, आणि कालवा आखताना तो हिशेबात का धरत नाहीत? विचारणारे सिव्हिलचे विद्यार्थी आहेत. त्यांनी दोन आकडेही दिलेत: अमेरिकेसाठी वर्षाला १२० अब्ज डॉलर आणि जगासाठी वर्षाला ४२३ अब्ज डॉलर. यातला खरा कुठला?

दोन्ही आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन्हींत नाही. पहिला कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड पिमेंटेल आणि सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. त्यात उंदीर-घुशी आहेत, शेतातलं तण आहे, पिकांवरची कीड आहे, इतकंच काय, मांजरांनी मारलेले पक्षीही आहेत, आणि दर पक्ष्यामागे ३० डॉलर किंमत धरली आहे. दुसरा आकडा आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०२३ च्या अहवालातला. तो २०१९ सालासाठी आहे आणि त्यात जमीन-पाणी सगळं आलं. २०२१ मध्ये एका गटानं फक्त पाण्यातल्या प्रजातींचा जगभर नोंदला गेलेला खर्च ३४५ अब्ज डॉलर काढला, पण ती अनेक दशकांची बेरीज आहे, एका वर्षाची नव्हे. ‘कालव्यामुळे’ असा वेगळा कप्पा यातल्या कुठल्याच आकड्यात नाही. तेव्हा प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर यातलं काही छापू नका; परीक्षक जाणकार असेल तर तिथेच अडवेल.

मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. उमेदवारी महाराष्ट्रात जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आणि रायझिंग मेन (ते वर चढवणारी पाईपलाईन) यांवर केली, नंतरची बरीचशी नोकरी मिशिगनमध्ये, ग्रेट लेक्सच्या म्हणजे अमेरिका-कॅनडामधल्या पाच मोठ्या सरोवरांच्या काठावरच्या पाणी खात्यांत झाली. त्यामुळे हा खर्च मी शोधनिबंधांपेक्षा अंदाजपत्रकांत जास्त पाहिला आहे, आणि तिथून तो वेगळा दिसतो. माझ्या मते एकूण नुकसान किती, हा प्रश्न दुसरा. आधी विचारायला हवं की खर्च एकदाचा आहे की कायमचा, आणि तो कुणाच्या खात्यावर पडतो. उदाहरण ग्रेट लेक्सचंच घेतो, कारण कालवा ते बिल अशी अख्खी साखळी इतकी नीट नोंदलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

नायगाराचा धबधबा सुमारे ५० मीटर उंच. खालच्या ओंटॅरिओ सरोवरातला मासा कितीही जोरकस असला तरी वरच्या ईरी सरोवरात पोहत जाऊ शकत नव्हता. जहाजांनाही हाच अडसर होता, म्हणून १८२९ मध्ये धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा सुरू झाला. सी लॅम्प्रे हा मूळचा अटलांटिकमधला जीव. दिसतो बाम माशासारखा, पण त्याला जबडा नसतो. चकतीसारख्या दातेरी तोंडानं तो दुसऱ्या माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. शोषण्याच्या वर्ष-दीड वर्षाच्या काळात एक लॅम्प्रे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. १९१९ च्या सुमारास कालव्यात मोठे बदल झाले आणि १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात सापडला. १९३६ मध्ये मिशिगन, १९३७ मध्ये ह्युरन, १९३८ मध्ये सुपीरिअर. तिथून पुढे दोन दशकांत लेक ट्राउटची मासेमारी बसली. वरच्या सरोवरांतून अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला सुमारे ६,८०० टन ट्राउट काढत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा १४० टनांच्या आसपास आला. अति मासेमारीचाही त्यात हात होता, सगळं पाप एकट्या लॅम्प्रेच्या माथी मारता येणार नाही. पण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या घरांना हा फरक कळण्याचं कारण नव्हतं.

आता तारखा पुन्हा बघा. कालवा १८२९, ईरीत लॅम्प्रे १९२१. मध्ये ९२ वर्षं. तुमच्या ‘हिशेबात का धरत नाहीत’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर या ९२ वर्षांत आहे. प्रकल्पाचं अर्थशास्त्र शिकताना भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणायला शिकवतात. ५ टक्के दर धरा. ९२ वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत येते सुमारे १ रुपया १२ पैसे. म्हणजे १८२९ च्या एखाद्या द्रष्ट्या इंजिनिअरला लॅम्प्रेचं सगळं भाकीत अचूक करता आलं असतं, तरी त्याच्या लाभ-व्यय गुणोत्तरात फारसा फरक पडला नसता. मला हे गणित चुकीचं वाटत नाही, पण अपुरं नक्की वाटतं. कारण ते नुकसानीला एक घटना समजतं, आणि इथे येतं ते कायमचं बिल.

ते कसं, ते पाहा. १९५४ च्या करारानं दोन्ही देशांनी ग्रेट लेक्स फिशरी कमिशन नेमलं आणि १९५५ पासून ते कामाला लागलं. मिशिगनमधल्या हॅमंड बेच्या प्रयोगशाळेत सुमारे ६,००० रसायनं तपासली गेली, तेव्हा कुठे टीएफएम नावाचं एक सापडलं. ठरावीक मात्रेत ते लॅम्प्रेची पिल्लं मारतं आणि बहुतेक माशांना सोडून देतं. १९५८ पासून ते नद्यांत सोडू लागले. लॅम्प्रेची पिल्लं नदीच्या गाळात काही वर्षं पुरून राहतात, म्हणून एकेका नदीला दर तीन-चार वर्षांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. लॅम्प्रेंची संख्या मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आली, हे परक्या प्रजातींच्या नियंत्रणातलं मोठं यश मानतात, आणि ते आहेच. कमिशनच्या हिशेबानं इथली मासेमारी आज वर्षाला ५ अब्ज डॉलरहून अधिक मोलाची आहे. तिच्यापुढे नियंत्रणाचा खर्च, म्हणजे वर्षाला काही कोटी डॉलर, किरकोळ वाटतो. पण हे औषध घरपट्टीसारखं आहे, दरवर्षी भरायचं आणि कधीच फिटायचं नाही. २०२० मध्ये कोविडमुळे टोळ्या नद्यांवर जाऊ शकल्या नाहीत, ठरवलेल्या कामाचा जेमतेम चौथा हिस्सा झाला, २०२१ मध्येही काम पूर्ण झालं नाही. पुढच्या काही वर्षांत लॅम्प्रेंची संख्या पुन्हा चढलेली दिसली. साठ वर्षं पैसे भरून शेवटी विकत काय घेतलं, तर परिस्थिती ‘आहे तशी’ राहणं.

यात एक उपखर्च आहे, तो कुठल्याच जागतिक आकड्यात दिसत नाही. या भागातली शेकडो जुनी, मोडकळीला आलेली छोटी धरणं आज कशासाठी उभी आहेत? वीज निर्माण करत नाहीत, पाणीही फारसं साठवत नाहीत. काढून टाकावीत, स्थानिक माशांना वरची नदी मोकळी करावी, असं पर्यावरणवाल्यांचंच म्हणणं असतं. पण धरण काढलं की लॅम्प्रेला वरची अंडी घालायची जागा मिळते आणि औषधाचा पट्टा किलोमीटरच्या किलोमीटर वाढतो. म्हणून निरुपयोगी धरणांची डागडुजी चालू ठेवावी लागते. असा निर्णय होताना मी पाहिला आहे. बैठकीत धरणावर तासभर चर्चा झाली आणि वेलंड कालव्याचं नाव एकदाही निघालं नाही.

लॅम्प्रेनंतर जे घडलं ते हिशेबनीसाची खरी परीक्षा घेणारं आहे. ट्राउट गेले, म्हणजे लहान माशांना खाणारा मोठा मासाच उरला नाही. तेवढ्यात एलवाइफ नावाचा हेरिंगच्या कुळातला छोटा मासा त्याच कालव्याच्या वाटेनं वर पोचला होता. खाणारं कुणी नाही म्हटल्यावर तो बेसुमार वाढला. १९६७ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठाकाठानं, शिकागोच्या चौपाट्यांसकट, मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले. ते उचलायला यंत्रं लागली, पर्यटनाचा हंगाम वाया गेला. त्याआधीच, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्य खात्याचे हॉवर्ड टॅनर यांनी प्रशांत महासागरातला कोहो सॅमन सरोवरात सोडला होता. कल्पना साधी: एलवाइफ खायला कुणीतरी आणू, आणि तो गळाला लागणारा, झुंज देणारा मासा असेल तर लोक पैसे मोजून पकडायला येतील. तसंच झालं. हौशी मासेमारीचा मोठा धंदा उभा राहिला. चार्टर बोटी, मोटेल, गळ-दोरीची दुकानं, बंदरांच्या गावांत पैसा आला.

मग एलवाइफ हे नुकसान की भांडवल? १९६७ मध्ये नुकसान होतं, १९८५ मध्ये भांडवल. आणि पुढे दुसऱ्या परक्या पाहुण्यानं, क्वागा शिंपल्यानं, पाण्यातलं सूक्ष्म प्लवंग गाळून फस्त केलं. २००३-०४ मध्ये ह्युरन सरोवरातला एलवाइफ कोसळला, पाठोपाठ चिनुक सॅमन गेला, आणि त्या काठावरच्या गावांचा हंगामही. त्या गावांच्या दृष्टीनं नुकसान झालं एका परक्या प्रजातीच्या जाण्यामुळे. ‘परकी प्रजाती म्हणजे तोटा’ असा एकच स्तंभ आखून हिशेब करणाऱ्यांनी हे प्रकरण कुठे लिहायचं ते आधी ठरवावं. माझं मत विचाराल तर खरा तोटा अस्थिरतेचा आहे. बंदर, बोटी, मोटेल यांत लोकांनी तीस-तीस वर्षांची कर्जं घातली, आणि खालची अन्नसाखळी दर वीस वर्षांनी बदलत राहिली.

आता माझ्या रोजच्या कामाकडे, शिंपल्यांकडे.

झेब्रा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातला. युरोपात नद्या जोडणारे कालवे झाले तसा तो बोटींच्या तळाला चिकटून पश्चिमेकडे सरकला. १८२० च्या दशकात लंडनच्या गोदीत पोचला होता. उत्तर अमेरिकेत तो १९८८ मध्ये ह्युरन आणि ईरीच्या मधल्या लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला, समुद्री जहाजांच्या टाक्यांत तोल राखायला भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून आलेला. ती जहाजं सरोवरांपर्यंत येऊ शकत होती ती १९५९ मध्ये सुरू झालेल्या सेंट लॉरेन्स सीवेमुळे, म्हणजे पुन्हा कालवे आणि लॉक (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे, दारं असलेले हौद). १९८९ च्या डिसेंबरात ईरीच्या काठावरच्या मन्रो गावाचा पाणीपुरवठा बंद पडला. सरोवरातला इनटेक, म्हणजे पाणी आत घेणारा पाईप, शिंपल्यांनी अरुंद झाला होता, त्यात बर्फ अडकला. शाळा, दुकानं बंद ठेवावी लागली. तेव्हापासून या काठावरच्या प्रत्येक पाणी खात्याला हा विषय घरचा झाला.

तांत्रिक बाजू थोडी सांगतो, कारण खर्च तिथेच आहे. शिंपल्याची अळी डोळ्यांना दिसत नाही, पाण्याबरोबर जाळीतून आरामात आत येते. पाईपच्या भिंतीवर बसते, धाग्यांनी घट्ट चिकटते, तिच्यावर दुसरी बसते. प्रति चौरस मीटर लाखांच्या घरात शिंपले मोजले गेले आहेत. पाईपचा व्यास घटतो, आतला खडबडीतपणा वाढतो, पंपाला जास्त दाब द्यावा लागतो, विजेचं बिल वाढतं. मेलेले शिंपले सुटून आत येतात आणि पंपाच्या सील, व्हॉल्व्ह, सॅम्पलिंगच्या बारीक नळ्या तुंबवतात. उपाय म्हणजे क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट. पण ते शुद्धीकरण केंद्रात देऊन उपयोग नाही, थेट इनटेकच्या तोंडाशी द्यावं लागतं. तोंड किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, दहा मीटर पाण्याखाली. म्हणजे इनटेकच्या पाईपमधून आणखी एक रसायनाची नळी तिथपर्यंत न्यायची. एकदम मोठा डोस दिला तर शिंपला ते ओळखतो, शिंप मिटून घेतो आणि कित्येक दिवस तसाच बसतो. म्हणून पाणी कोमट असेल तितका सगळा हंगाम छोटा डोस सतत चालू ठेवावा लागतो. कच्च्या पाण्यात क्लोरीन जास्त वेळ राहिलं की ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक संयुगं वाढतात, त्याची वेगळी मर्यादा आणि वेगळी तपासणी. वर पाणबुड्यांचं कंत्राट, आणि खरवडून काढलेल्या, कुजून घाण मारणाऱ्या शिंपल्यांची वाहतूक.

हा सगळा खर्च अंदाजपत्रकात ‘परक्या प्रजाती’ या नावानं कुठेच दिसत नाही. तो रसायनं, वीज, दुरुस्ती, पाणबुडे अशा पाच-सहा हेडखाली विखुरतो. दहा वर्षांनी नवा माणूस येतो, त्याला वाटतं इनटेकला परमँगनेट देणं ही इथली जुनीच पद्धत. पाहणी करणारे संशोधक प्रश्नावली पाठवतात तेव्हा तो ‘शिंपल्यांवरचा खर्च: शून्य’ असं प्रामाणिकपणे लिहितो. मोजमाप कमी येण्याचं एक कारण हे.

तरी एक चांगली पाहणी झाली. १९८९ ते २००४ या काळात पिण्याच्या पाण्याची केंद्रं आणि वीज प्रकल्प मिळून झेब्रा शिंपल्यांवर सुमारे २६.७ कोटी डॉलर खर्च झाला, असा तिचा निष्कर्ष होता. अंदाजाची खालची बाजू १६ कोटींच्या, वरची ४७ कोटींच्या आसपास. पिमेंटेल यांच्या यादीत याच शिंपल्यांसाठी वर्षाला १ अब्ज धरले आहेत. दोन्हींची व्याप्ती वेगळी आहे: पहिल्यात फक्त दोन प्रकारच्या सुविधा, दुसऱ्यात सगळंच. तरीही पंधरा वर्षांचे २६.७ कोटी आणि एका वर्षाचे १०० कोटी यांतली दरी व्याप्तीनं पूर्ण भरून निघेल असं मला वाटत नाही. लहान आकडा मला जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण तो बिलांवरून काढला आहे. पण तो खर्च शिंपल्यांचा ‘हाताळता येणारा’ भाग तेवढाच मोजतो. इंजिनिअरांनी वाट काढली, केंद्रामागचा खर्च पुढे कमी झाला, प्रश्न सुटल्यासारखा दिसला. सरोवरात मात्र बदल चालूच होता. शिंपले पाणी गाळतात तेव्हा विषारी निळं-हिरवं शेवाळ बऱ्याचदा थुंकून टाकतात आणि त्याचे स्पर्धक खातात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरीच्या काठावरच्या टोलीडो शहरातल्या सुमारे ४ लाख लोकांना जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. मुख्य कारण शेतांतून येणारं फॉस्फरस. शिंपल्यांचा वाटा किती, यावर वाद घालता येईल. शून्य नाही एवढं मी म्हणेन. हा खर्च २६.७ कोटींत नाही.

सरोवरांत आलेलं संकट पुढे कसं गेलं, तर शिकागोच्या कालव्यातून. शहराचं मैलापाणी पिण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० मध्ये शिकागो सॅनिटरी अँड शिप कॅनॉल उघडला आणि शिकागो नदीचा प्रवाह उलटा करून मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवला. इंजिनिअरिंग म्हणून आजही थक्क करणारं काम. पण त्यानं दोन खोरी जोडली. १९९१ मध्ये झेब्रा शिंपला इलिनॉय नदीत सापडला आणि काही वर्षांतच मिसिसिपीच्या खालच्या टप्प्यापर्यंत पोचला. उलट दिशेनं येऊ पाहतात ते आशियाई कार्प, १९७० च्या दशकात आर्कन्सामध्ये तळी आणि मैलापाण्याचे हौद स्वच्छ ठेवायला आणलेले. त्यांना अडवायला रोमिओव्हिलजवळ पाण्यात वीज सोडणारे अडथळे आहेत, पहिला २००२ चा. गंमत अशी की तो मुळात राउंड गोबी या माशासाठी आखला होता आणि चालू होईपर्यंत गोबी पलीकडे निघून गेलेला होता.

कालवा बंद करून दोन्ही खोरी पुन्हा वेगळी करा, असा सरळ उपाय सुचवला जातो. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागानं २०१४ च्या अहवालात त्याची किंमत काढली: सर्वांत महागड्या पर्यायाला १८ अब्ज डॉलरहून अधिक आणि २५ वर्षं. आकडा ऐकून लोक म्हणाले, माशासाठी इतके? पण त्यातला फार मोठा भाग माशासाठी नव्हताच. तो बोगदे, साठवण जलाशय आणि मैलापाण्याच्या शुद्धीकरणासाठी होता. शंभर वर्षांत अख्ख्या शहराचं पावसाचं आणि सांडपाण्याचं जाळं त्या कालव्याच्या भरवशावर उभं राहिलं आहे, त्यामुळे कालवा तोडायचा तर शहराची गटारव्यवस्था नव्यानं बांधायची. दारं बंद करण्याची किंमत वर्षागणिक वाढते ती अशी.

म्हणून आता जोलिएटजवळच्या ब्रँडन रोड लॉकवर आवाज, बुडबुड्यांचा पडदा, वीज आणि धुऊन काढणारं लॉक अशी एकत्र यंत्रणा करायची योजना आहे, अंदाजे १.१५ अब्ज डॉलरची. त्यासाठी २०२४ च्या जुलैत करार झाला. राज्यांच्या वाट्यात इलिनॉयचे ५ कोटी डॉलर आणि मिशिगनचे ६.४ कोटी. लॉक इलिनॉयमध्ये आहे. मिशिगन राज्याच्या हद्दीत त्याची एक वीटही लागणार नाही, तरी जास्त पैसे त्याचे. त्याआधी हेच राज्य कालव्याची दारं बंद करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि तिथे त्याला यश आलं नव्हतं. कालव्याचा फायदा शिकागोला, बार्जवाल्यांना. धोका मिशिगनच्या मासेमारीला. आणि शेवटी ज्याला धोका त्यानंच खिशात हात घातला. या विषयाचं अर्थशास्त्र एका उदाहरणात शिकवायचं झालं तर मी हे घेईन.

फायद्याची बाजू मोजली गेलीच नाही असं नाही. २००५ च्या एका अभ्यासानं विचारलं, समुद्री जहाजं ग्रेट लेक्समध्ये येणं बंद केलं तर मालवाहतूक किती महाग होईल? उत्तर आलं, वर्षाला सुमारे ५.५ कोटी डॉलर. पुढे नोटर डेम विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं जहाजांतून आलेल्या प्रजातींमुळे अमेरिकेच्या बाजूला होणारं नुकसान काढलं: मधला अंदाज वर्षाला १३.८ कोटी डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच काही कळतं. गंमत म्हणजे बंदी न घालताही मार्ग निघाला. २००६ मध्ये कॅनडानं आणि २००८ मध्ये अमेरिकेनं सीवेत शिरणाऱ्या जहाजांना रिकाम्या टाक्याही समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं धुऊन यायची सक्ती केली, आणि बॅलास्टमधून नव्या प्रजाती येण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. आयपीबीईएसच्या अहवालात एकूण खर्चातले ९२ टक्के नुकसानीचे आणि आठ टक्के व्यवस्थापनाचे आहेत; त्या आठ टक्क्यांत असे स्वस्त नियम सर्वांत जास्त परतावा देतात. झेब्रा शिंपल्यासाठी मात्र हा नियम वीस वर्षं उशिरा आला.

सुएझबद्दल थोडक्यात, कारण तिथेही सूत्र तेच. १८६९ मध्ये कालवा उघडला. वाटेतल्या कडवट सरोवरांच्या अतिखारट पाण्यानं बराच काळ तांबड्या समुद्रातल्या जिवांना थोडंफार अडवलं, पुढे तो खारटपणा विरत गेला. आज पूर्व भूमध्य समुद्रात तांबड्या समुद्राकडून आलेले शेकडो जीव आहेत. भटक्या जेलीफिशचे थवे इस्रायलच्या किनारी वीज प्रकल्पांच्या थंड पाण्याच्या इनटेकमध्ये अडकतात. विषारी फुगा मासा मच्छीमारांची जाळी आणि त्यातले मासे दोन्ही खातो. सायप्रस आणि तुर्कस्तान सरकारं तो पकडून देण्याचे पैसे देतात. काही परकी कोळंबी आणि मासे तिथल्या बाजारात चांगल्या भावानं विकलेही जातात, हे सांगायला हवं. पण २०२२-२३ या आर्थिक वर्षात कालव्याचं ९.४ अब्ज डॉलरचं विक्रमी उत्पन्न इजिप्तकडे गेलं, आणि फुग्या माशाचे पैसे सायप्रसच्या तिजोरीतून.

सिंचनाच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या कालव्यांना जहाजं लागत नाहीत, पाणीच वाहतूक करतं. क्वागा शिंपला २००७ च्या जानेवारीत कोलोरॅडो नदीवरच्या लेक मीड जलाशयात सापडला, बहुधा ट्रेलरवरून आणलेल्या एखाद्या बोटीनं आलेला. त्याच वर्षी तो कोलोरॅडो नदीच्या जलवाहिनीतून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जलाशयांत पोचला होता. ताजं उदाहरण सोनेरी शिंपल्याचं: मूळचा चीन-आग्नेय आशियाकडचा, ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू धरणाला आधीच त्रास देणारा. २०२४ च्या ऑक्टोबरात तो कॅलिफोर्नियात स्टॉकटन बंदरात सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच, आणि लगेच ओ’नील फोरबेमध्येही. हा जलाशय २.७ कोटी लोकांना पाणी देणाऱ्या राज्य जलप्रकल्पाच्या मार्गावर आहे. तिथल्या माझ्या व्यवसायबंधूंच्या अंदाजपत्रकांत आता ते पाच-सहा हेड उघडले जातील.

तुम्ही शेवटी विचारलंत, आपल्याकडे नदीजोड होत असताना याचा अर्थ काय. गोदावरीचं पाणी पोलावरमच्या उजव्या कालव्यातून २०१५ पासून कृष्णेत जातंच आहे. सकर मासा, म्हणजे हौशी लोकांनी काचेच्या टाकीतून नदी-तळ्यांत सोडलेला, काटेरी कवचाचा मासा, आंध्र-तेलंगणच्या मच्छीमारांची जाळी फाडतो. उजनीतही तो सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. उजनीतल्या मच्छीमाराला चिलापी (तिलापिया) हा मूळचा परका मासा आता परका वाटत नाही, कारण तो त्याचा रोजचा धंदा आहे. एलवाइफची गोष्ट आठवा, म्हणजे त्याला नुकसान म्हणायची घाई करणार नाही. जोड कालव्याचा प्रकल्प अहवाल हाती आला तर त्यात दोन्ही खोऱ्यांतल्या जलचरांची यादी शेजारी-शेजारी ठेवली आहे का ते पाहा. जे एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तेवढंच महत्त्वाचं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं पाण्यातल्या डीएनएवरून सकर मासा ओळखायची पद्धत बसवली आहे, म्हणजे यादी करणं आता पूर्वीइतकं खर्चिक राहिलेलं नाही.

आणि प्रकल्पात आकडा टाकायचाच असेल तर जागतिक बेरजांच्या मागे न लागता एक इनटेक घ्या. जवळच्या महापालिकेचं दहा वर्षांचं अंदाजपत्रक मागवा. जॅकवेलपाशी जलपर्णी काढण्याची निविदा, जाळ्या साफ करण्याची मजुरी, पंपाची जादा वीज, वाढलेला क्लोरीन डोस, पाणीपुरवठा बंद ठेवलेले दिवस, हे वेगवेगळ्या हेडखाली सापडेल. ते एका तक्त्यात आणा आणि खाली दर वर्षाची बेरीज लिहा. मग तीच रक्कम कालव्याच्या आयुष्याइतकी वर्षं, म्हणजे निदान पन्नास, चालू राहील असं धरून आजची किंमत काढा. दर ५ टक्के आणि २ टक्के, असे दोन्ही घेऊन. दोन उत्तरांतला फरक गाईडना दाखवा, तोंडी परीक्षेत प्रश्न तिथूनच येतील.